प्रशिक्षणाहून परतल्यावर वर्गात नेमके काय बदलते?

द्विशिक्षकी

सर्वांना नमस्कार. मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी १६ वर्षांपासून शिकवतो. पहिली ते चौथीचे वर्ग, दोन शिक्षक आणि ३१ मुले असा आमचा संसार आहे. या ३१ पैकी ९ मुले दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात, ८ मुले शेजारच्या बंजारा तांड्यावरून येतात आणि घरी गोरमाटी बोलतात, तर दुसरीतल्या एका मुलीला ऐकू कमी येते. उरलेल्या मुलांनाही घरी अभ्यास घेणारे कोणी आहे असे नाही.

सेवेत आल्यापासून किती प्रशिक्षणे केली याचा हिशेब मांडायला बसलो, तेव्हा वहीची दोन पाने भरली. ज्ञानरचनावाद, बहुवर्ग अध्यापन, अध्ययन निष्पत्ती, समावेशित शिक्षण, पायाभूत साक्षरता, शिवाय १२ वर्षे झाल्यावर वरिष्ठ वेतनश्रेणीसाठीचे सक्तीचे प्रशिक्षण वेगळेच. माझा प्रश्न असा आहे की, यांपैकी कोणत्या प्रशिक्षणामुळे वर्गात मागे पडलेल्या एखाद्या मुलापर्यंत आपण खरोखर पोहोचलो? प्रशिक्षणे निरुपयोगी असतात हे गाऱ्हाणे आपण सगळेच टपरीवर चहा पिताना मांडतो. ते येथे नको आहे. मला उदाहरणे हवी आहेत, आणि ती शक्य तितक्या बारकाईने सांगावीत अशी विनंती आहे.

सुरुवात मीच करतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे चौथीत एक मुलगा होता. मराठीच्या पुस्तकातला कोणताही धडा तो खडाखडा वाचून दाखवत असे आणि त्याच्याबाबत मी निर्धास्त होतो. त्या वर्षी दोन दिवसांच्या एका प्रशिक्षणात आम्हाला अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा चढत्या पायऱ्यांचा एक साधा कागद दिला आणि दुसऱ्या दिवशी जवळच्या शाळेत नेऊन एकेका मुलासमोर बसवले. परत आल्यावर तोच कागद मी या मुलापुढे ठेवला. तो गप्प झाला. मग मी त्याच्याच पुस्तकातला एक धडा उघडला, मधल्याच एका शब्दावर बोट ठेवले आणि हा शब्द कोणता, असे विचारले. त्याने धड्याच्या पहिल्या ओळीपासून पुटपुटत, प्रत्येक शब्दावर बोट टेकवत त्या शब्दापर्यंत यायला सुरुवात केली, आणि मध्येच त्याचे बोट एक ओळ खाली घसरले. धडा त्याला पाठ होता. वाचायला म्हणाल तर सुटी अक्षरे तेवढी येत होती, आणि काना-मात्रा आली की गाडी अडत होती. चार वर्षे हा मुलगा माझ्या डोळ्यांसमोर बसत होता.

त्यानंतर मी रोज पाऊण तास इयत्ता बाजूला ठेवून वाचनाच्या पायरीनुसार गट करू लागलो. चौथीचा हा मुलगा दुसरीतल्या मुलांबरोबर बसायला आधी लाजला. म्हणून शब्दकार्डे वाटण्याचे काम मी त्यालाच दिले. फेब्रुवारीत तो छोटी गोष्ट स्वतःहून वाचू लागला. त्या प्रशिक्षणात व्याख्यान जेमतेम तासाभराचे होते. बाकीचा सगळा वेळ आम्ही मुलांसमोर होतो, आणि माझ्या मते तेच महत्त्वाचे ठरले.

मेळघाटची बाई

सर, आपण उदाहरण मागितले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी धारणी तालुक्यात शिकवते आणि माझ्या वर्गातली जवळजवळ सगळी मुले कोरकू आहेत. माझे माहेर अकोल्याकडचे, त्यामुळे नोकरी लागली तेव्हा मला कोरकूचा एक शब्दही येत नव्हता. पहिल्याच महिन्यात मी फळ्यावर ‘काकू आली’ असे लिहून मोठ्याने वाचले, तेव्हा सगळा वर्ग खुदकन हसला. मला वाटले की माझ्या साडीला खडू लागला असेल. कोरकूमध्ये काकू म्हणजे मासा, हे मला तब्बल सहा महिन्यांनी कळले, आणि तेही शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशींकडून.

त्यानंतरच्या वर्षी भाषेविषयीच्या एका प्रशिक्षणाला गेले. तिथल्या सुलभकांनी, म्हणजे प्रशिक्षण घेणाऱ्या मार्गदर्शकांनी, नमस्कार-चमत्कार न करता थेट कन्नडमध्ये शिकवायला सुरुवात केली. फळ्यावर चित्रे काढली, हातवारे केले, मध्येच आमच्यापैकी एकीला उभे करून प्रश्न विचारला. ती खाली बघत राहिली. मागच्या बाकावरचे दोघे हळू आवाजात गप्पा मारू लागले, आणि मी तर चक्क खिडकीबाहेर पाहत होते. अर्ध्या तासाने सुलभक मराठीत आले. सकाळी नावनोंदणीच्या वेळी आमच्याकडून एक चिठ्ठी भरून घेतली होती, ज्यात आपल्या वर्गातल्या मुलांच्या अडचणी लिहायच्या होत्या. त्या चिठ्ठ्या त्यांनी वाचून दाखवल्या: मुले बोलत नाहीत, मुलांचे लक्ष नसते, प्रश्न विचारला की खाली बघतात. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावे अशी शांतता पसरली. वर्गातल्या ज्या मुलाला मी मनातल्या मनात मंद ठरवले होते, तो त्या अर्ध्या तासात मला स्वतःच्या जागी दिसला.

पुढच्या तीन दिवसांत आम्हाला कळले की कोरकू ही मराठीची बोली नसून मुंडा गटातली स्वतंत्र भाषा आहे आणि तिचे नाते संथाली-मुंडारीशी आहे. गोंडी व कोलामी द्राविडी आहेत. भिली-पावरीचे गणित पुन्हा निराळे. ही माहिती कोरडी वाटेल, पण तिच्यामुळे अपेक्षा बदलतात. वऱ्हाडी बोलणारे मूल प्रमाण मराठी कानाने उचलते, कारण बरेचसे शब्द आणि वाक्याची ठेवण ओळखीची असते. कोरकू मुलाला ती सोय नाही. त्याला मराठी ही परकी भाषा म्हणूनच शिकवावी लागते, म्हणजे आधी भरपूर ऐकवावी लागते, बोलवून घ्यावी लागते आणि लिहायला मागाहून द्यावे लागते.

आता मी काय करते ते सांगते. आठवडी बाजाराचे मोठे चित्र भिंतीवर लावते, मुले त्याविषयी कोरकूत बोलतात आणि त्यांची वाक्ये मी देवनागरीत फळ्यावर उतरवते. ‘ड’ शिकवताना डमरूपाशी अडून बसत नाही. डा म्हणजे पाणी, तो शब्द त्यांच्या तोंडात आहेच. मुलांच्या मदतीने केलेल्या शब्दांच्या वहीत आज सातशेच्या वर शब्द आहेत. मूल वाचायला शिकते ते आपल्या भाषेत आणि मग ती शिदोरी घेऊन मराठीकडे वळते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शिक्षणाचे माध्यम शक्यतोवर मुलाची मातृभाषा असावे असे म्हटले आहे. ते शक्य कसे करायचे हे मात्र मला त्या चार दिवसांत समजले.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवते. पालकांना हे सगळे पटतेच असे नाही. “बाई, कोरकू तर घरी येतेच, तुम्ही मराठी-इंग्रजी शिकवा,” असे मला पालकसभेत ऐकावे लागले आहे, आणि पालकांना हे कसे समजावून सांगायचे ते कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलेले नव्हते.

रोखठोक

दोन्ही अनुभव वाचून आनंद झाला, परंतु धाग्याची दिशा मला थोडी फसवी वाटते. हे दोन शिक्षक मुळातच धडपडे आहेत. ते प्रशिक्षणाविना देखील काहीतरी शोधून काढतील. सर्वसाधारण शिक्षकाचे काय? मतदार याद्या त्याच्याकडे, पोषण आहाराच्या नोंदी त्याच्याकडे, यूडायस या सरकारी शाळा-नोंदणीची माहिती भरायची ती त्यानेच, आणि शेजारच्या वर्गाचे पद रिक्त असल्यामुळे तो वर्गही त्याच्याच गळ्यात. अशा माणसाला तुम्ही विविधतेवर तीन दिवस व्याख्यान देता, तेव्हा त्याचा वर्ग तीन दिवस बंद असतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. कागदावर ते उत्तमच आहे. प्रत्यक्षात ऑनलाइन वर्ग मोबाइलवर चालू ठेवून शेजारी गृहपाठाच्या वह्या तपासणारे शिक्षक मी पाहिले आहेत आणि, खोटे कशाला सांगू, मीही त्यांच्यापैकीच एक आहे. प्रश्नावलीची उत्तरे गटावर आधीच येऊन पडलेली असतात. प्रमाणपत्र डाउनलोड झाले की, ये रे माझ्या मागल्या. आधी रिक्त जागा भरा, अशैक्षणिक कामे काढून घ्या, मग प्रशिक्षणाचे बघू.

जुने केंद्रप्रमुख

रोखठोक यांची तक्रार खरी आहे, परंतु ‘आधी हे, मग ते’ हा क्रम मला मान्य नाही. मी निवृत्त होऊन पाच वर्षे झाली. त्याआधी शिक्षक होतो, मग केंद्रप्रमुख, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारा अधिकारी, झालो आणि कित्येक प्रशिक्षणांत सुलभक म्हणूनही काम केले, त्यामुळे या दुकानाची पुढची आणि मागची अशा दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत.

प्रथम थोडे जुने. वंचितांच्या मुलांना कोणी शिकवावे आणि त्या शिक्षकाची तयारी कशी असावी, हा प्रश्न आपल्याकडे आजचा नाही. महात्मा फुले यांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगाला जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि शक्यतो शेतकरी वर्गातून निवडावेत, म्हणजे ते मुलांत मोकळेपणाने मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील, असे स्पष्ट म्हटले आहे. प्रसंगी नांगर किंवा सुताराचा वाकस हाती धरायला त्यांना लाज वाटू नये, अशीही त्यांची अपेक्षा होती. प्रशिक्षित शिक्षकाचा पगार निदान १२ रुपये असावा हेही त्यांनी त्याच निवेदनात मांडले, म्हणजे शिक्षकाची पात्रता आणि त्याचा सन्मान या दोन गोष्टी त्यांनी एकत्रच मागितल्या. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांना खेड्यापाड्यांत शाळा उघडायच्या, तर तिथे टिकणारा शिक्षक आधी घडवला पाहिजे हे उमगले होते, आणि म्हणून त्यांनी १९३५ मध्ये साताऱ्याला ग्रामीण शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय सुरू केले. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ मध्ये कोसबाडला गेल्या. वारली मुले गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणावर नेली, तीच कुरणशाळा. कुरणावर शिकवणारा शिक्षक बंद खोलीतल्या व्याख्यानाने तयार होत नाही, हे त्यांना वेगळे सांगावे लागले नाही.

आता अलीकडचे. १९८६ च्या धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आल्या, तालुका पातळीवरची गटसाधन केंद्रे आली, आणि त्यांबरोबर आपली ती प्रसिद्ध कॅस्केड पद्धत. राज्याच्या पातळीवर तज्ज्ञ दहा दिवस शिकतात, जिल्ह्याला ते सात दिवसांत सांगतात, तालुक्याला पाच दिवस, आणि केंद्रावर येईपर्यंत दीड दिवस उरतो. दुधात प्रत्येक थांब्यावर एक तांब्या पाणी पडत जाते. मी स्वतः हे केले आहे. एकदा मुलांच्या घरच्या भाषेवरचे एक सुंदर सत्र मी वरच्या पातळीवर अनुभवले. त्यात मेळघाटच्या बाईंनी सांगितला तसाच काहीसा खेळ होता. तालुक्याला मी तो खेळ वेळेअभावी गाळला आणि त्याऐवजी तो कसा असतो ते तोंडी सांगितले. माझ्याकडून ऐकलेल्यांनी पुढे केंद्रावर फक्त ‘मुलांच्या मातृभाषेचा आदर करा’ एवढे एक वाक्य वाचून दाखवले. त्या वाक्याने कोणाचे काय बदलणार?

केंद्रप्रमुख असताना शेवटची सहा-सात वर्षे मी एक गोष्ट केली. केंद्रातली मासिक शिक्षण परिषद म्हणजे पूर्वी परिपत्रकांचे वाचन असे. ती मी एकेका शाळेत भरवू लागलो आणि पहिला तास मुलांसमोरच्या पाठासाठी ठेवला. एक शिक्षक शिकवणार, बाकीचे मागे बसणार, आणि मागे बसलेल्या प्रत्येकाने शिक्षकाकडे न बघता नेमून दिलेल्या दोन मुलांकडेच बघायचे, असा नियम होता. नंतरची चर्चा ‘पाठ छान झाला’ यापाशी थांबत नसे. अमुक मुलीने चाळीस मिनिटांत एकदाही तोंड उघडले नाही, तमुक मुलगा शेजाऱ्याचे बघून उतरवत होता, अशी ती व्हायची. पहिले दोन महिने शिक्षक माझ्यावर नाराज होते. तिसऱ्या महिन्यापासून पाठ घ्यायला ते स्वतःहून नावे देऊ लागले. त्याला वेगळा निधी लागला नाही, आणि मतदार याद्यांचे काम तेव्हाही होतेच.

आकडेमोड

या विषयावर भारतातच झालेले काही प्रयोग आहेत आणि त्यांचे निष्कर्ष या धाग्याशी थेट जुळतात, म्हणून लिहितो. ‘प्रथम’ या संस्थेच्या मुंबई आणि वडोदरा येथील बालसखी उपक्रमात वस्तीतल्याच तरुण मुली मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे घेऊन पायाभूत वाचन-गणित शिकवत असत. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि मुलांची प्रगती स्पष्ट दिसली.

पुढे प्रश्न आला की, हेच सरकारी शिक्षकांना शिकवले तर? बिहारमध्ये शिक्षकांना पद्धतीचे प्रशिक्षण आणि साहित्य देऊन शाळेत परत पाठवले, तेव्हा मुलांच्या वाचनात म्हणावा असा फरक पडला नाही. येथे रोखठोक म्हणतील की मी सांगत होतोच. परंतु त्याच राज्यात उन्हाळी शिबिरात सरकारी शिक्षकांनीच हीच पद्धत वापरली, तेव्हा मुले पुढे गेली. म्हणजे शिक्षकाला येत नव्हते असे नाही. वर्ष सुरू झाले की अभ्यासक्रम संपवण्याच्या रेट्यात त्या पद्धतीला तासच मिळत नव्हता. हरियाणात २०१२-१३ मध्ये हे लक्षात घेऊन रचना बदलली गेली. प्रशिक्षण तर दिलेच, शिवाय रोजचा एक तास याच कामासाठी राखून ठेवला, त्या तासात मुलांचे गट पातळीनुसार केले, आणि शिक्षकांना मदत करायला जे अधिकारी जाणार होते त्यांनी आधी काही दिवस स्वतः वर्गात या पद्धतीने शिकवून पाहिले. भाषेत फायदा झाला. गणितात मात्र तो दिसला नाही.

यातून मी एवढेच घेतो की, निव्वळ प्रशिक्षण देऊन मोकळे झाले तर ते विरते. वेळापत्रकात जागा आणि वर्गात येऊन पाहणारे जाणते माणूस मिळाले तर टिकते. जुन्या केंद्रप्रमुखांनी हे प्रयोग न वाचताच नेमके तेच केले, ही गंमत आहे.

खडू-डस्टर

मी पुण्यातल्या एका खासगी इंग्रजी शाळेत शिकवते. आमच्याकडे शिक्षण हक्क कायद्याखाली वंचित आणि दुर्बल घटकांसाठी राखीव असलेल्या २५ टक्के जागांवर आलेली मुले प्रत्येक वर्गात असतात. शाळेने एकदा बाहेरून सल्लागार बोलावून सर्वसमावेशकतेवर दिवसभराचे सत्र ठेवले होते, ज्यातले मला आज फक्त जेवण आठवते.

मला उपयोग झाला तो एका सहकारी शिक्षिकेचा. आम्ही दोघींनी एकमेकींच्या तासाला बसायचे ठरवले होते. ती माझ्या तासाला मागे बसली आणि कोणत्या मुलाला मी किती वेळा प्रश्न विचारला याच्या काड्या तिने कागदावर मारल्या. तास संपल्यावर तिने कागद माझ्यापुढे सरकवला. २५ टक्क्यांतल्या सहा मुलांना मी अजिबात वगळले नव्हते; किंबहुना मी त्यांच्याकडे जास्तच लक्ष देते अशी माझी समजूत होती, आणि काड्यांवरून ती खरीही निघाली. मात्र प्रत्येक काडीपुढे तिने प्रश्नाचा प्रकार लिहिला होता. त्या सहा जणांना मी विचारलेला प्रत्येक प्रश्न ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर संपणारा होता. ‘का’ आणि ‘कसे’ हे प्रश्न मी ज्यांना विचारत होते, त्या सगळ्यांच्या घरी आईवडील इंग्रजी बोलतात. मुलाची फजिती होऊ नये म्हणून मी असे करत होते, आणि त्या सांभाळण्यातच मी त्यांना विचार करण्याच्या कामातून सुट्टी देऊन टाकली होती.

आता मी ‘का’ विचारते आणि उत्तर आधी शेजाऱ्याशी मराठीत बोलून घ्यायला दोन मिनिटे देते. उत्तर मोडक्या इंग्रजीत येते, पण येते.

विशेष शिक्षिका

द्विशिक्षकी सर, तुमच्या दुसरीतल्या मुलीविषयी कोणीच काही लिहिले नाही, म्हणून लिहिते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे आणि प्रशिक्षणात ती यादी वाचून दाखवली जाते; परंतु एकशिक्षकी किंवा द्विशिक्षकी शाळेतल्या गुरुजींना २१ प्रकार पाठ असण्यापेक्षा समोरच्या एका मुलीसाठी उद्या सकाळी काय करायचे हे कळणे जास्त गरजेचे असते.

तिला पहिल्या रांगेत, पण कडेला बसवा, म्हणजे मान वळवून तिला बाकीच्या मुलांचे चेहरेही दिसतील. तुम्ही खिडकीकडे पाठ करून उभे राहू नका, कारण मागून उजेड आला की तुमचा चेहरा काळा दिसतो आणि ओठ वाचता येत नाहीत. फळ्यावर लिहिताना बोलू नका. लिहून झाले की वळा आणि मग बोला. ओरडून बोलल्याने ओठांचा आकार बिघडतो, म्हणून नेहमीच्या आवाजात, थोडे सावकाश बोलावे. ‘समजले का’ असे विचारल्यास ती मान डोलावणारच, कारण अशी मुले मान डोलावायला फार लवकर शिकतात. त्याऐवजी ‘मी काय करायला सांगितले ते सांग’ असे विचारा. श्रवणयंत्र असेल तर ते घातलेले आहे एवढे बघून थांबू नका, बॅटरी चालू आहे का तेही बघा. मी भेट दिलेल्या शाळांमध्ये बंद बॅटरीचे यंत्र कानाला लावून दिवसभर बसलेली मुले मला कितीतरी वेळा आढळली आहेत. आणि तिची श्रवण तपासणी गेल्या वर्षभरात झालेली नसेल, तर गटसाधन केंद्रातील विशेष तज्ज्ञांकडे लेखी कळवा.

माझी या विषयावरची सत्रे पूर्वी कायद्यापासून सुरू होत असत. आता मी शिक्षकांना कानात कापूस घालून दहा मिनिटे श्रुतलेखन लिहायला लावते आणि कायदा शेवटी सांगते.

फलटणकर

भाषेचा मुद्दा आला आहे म्हणून थोडी भर घालतो. परक्या भाषेइतकीच अडचण बोलीचीही असते, फक्त ती दिसत नाही. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला आपण प्रत्येक वेळी ‘पाणी’ म्हणायला लावतो आणि त्याला काय सांगायचे होते ते राहूनच जाते. डॉ. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेतून येऊन आमच्या फलटणला स्थायिक झाल्या, फलटणच्याच मराठीतल्या भेदांवर त्यांनी संशोधन केले, आणि १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली. संस्थेने पुढे जिल्हा परिषदेच्या शिक्षकांबरोबर वाचन-लेखनाचे पुष्कळ काम केले. मूल बोलत असताना त्याचे उच्चार सुधारायचे नाहीत. ते काय म्हणते आहे ते आधी ऐकायचे, आणि प्रमाण रूप वाचन-लेखनातून हळूहळू पुढे आणायचे, ही दिशा मला तिथल्या कामातून मिळाली. ऐकायला सोपी वाटते, पण तोंडावर आलेली दुरुस्ती गिळायला मला वर्ष लागले.

रोखठोक

बिहारचा दाखला माझ्या बाजूने सुरू होऊन माझ्यावरच उलटला, हे मान्य करतो. परंतु मूळ मुद्दा सोडत नाही. या धाग्यात ज्या ज्या गोष्टी उपयोगी पडल्या असे आपण सांगितले, त्यांतली एकही मोबाइलवरच्या व्हिडिओतून आलेली नाही. मुलांसमोर बसणे, कन्नडमधला तो अर्धा तास, मागे बसलेली सहकारी, कानातला कापूस, हे सगळे माणसाने माणसासोबत केले आहे. मग वर्षाचे ५० तास मोजायचेच असतील, तर सहकाऱ्याच्या वर्गात मागे बसलेला तास त्यात धरा. तो धरला जात नाही, कारण त्याचे प्रमाणपत्र निघत नाही.

जुने केंद्रप्रमुख

हे मात्र लाख बोललात.

कृष्णाकाठ

मी दुसऱ्या टोकाला आहे. सांगली जिल्ह्यात साखर कारखान्याच्या परिसरातल्या शाळेत शिकवतो, म्हणजे द्विशिक्षकी सरांची मुले दिवाळीनंतर ज्या भागात येतात, त्यांपैकी एका भागात. नोव्हेंबरात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात, आणि आम्ही शिक्षक मुलांना शोधत फिरतो. कायद्याप्रमाणे दाखला नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही आणि आम्ही नाकारतही नाही. काही मुलांजवळ गावाकडच्या शाळेने भरून दिलेले शिक्षण हमी पत्रक असते. त्यावर नाव, शाळा आणि इयत्ता लिहिलेली असते. मुलाला काय येते हे कुठेच नसते. चौथी लिहिले आहे म्हणून आम्ही चौथीत बसवतो. मूल गप्प बसते, दोन आठवड्यांनी धाकट्या भावंडाला सांभाळायला कोपीवर थांबते आणि मग दिसेनासे होते. मार्चमध्ये टोळी परत निघते, तेव्हा त्याला किती येते हे ना आम्हाला कळलेले असते, ना तुम्हाला.

स्थलांतरित मुलांवरच्या दोन प्रशिक्षणांना मी बसलो आहे. दोन्हींत सर्वेक्षण कसे करायचे आणि तक्ता कसा भरायचा हेच शिकवले. मूल पाठवणारा शिक्षक आणि मूल सांभाळणारा शिक्षक यांना एका खोलीत बसवलेले प्रशिक्षण मी आजवर पाहिलेले नाही.

सर, तुमचा तो वाचनाच्या पायऱ्यांचा कागद आहे ना, त्यावरची मुलाची पायरी हमी पत्रकाच्या पाठीमागे हाताने लिहून पाठवता येईल का? ‘शब्द वाचतो, जोडाक्षराला अडतो, बेरीज हातच्याची येते’ एवढे मला पुरेल. मूल कशावर खूश होते तेही लिहिलेत, तर पहिल्या दिवशी त्याच्याशी बोलायला काहीतरी सापडेल.

द्विशिक्षकी

एवढे प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते. विशेष शिक्षिका ताई, आज सकाळी त्या मुलीला जागा बदलून बसवले आणि मी खिडकीपासून दूर उभा राहिलो. श्रवणयंत्र तिला गेल्या वर्षी मिळालेले आहे. ते घरी पेटीत आहे आणि बॅटरी संपल्यापासून तसेच आहे, असे तिच्या आजीने सांगितले. विशेष तज्ज्ञांना पत्र लिहिले आहे. मेळघाटच्या बाई, तुमच्या शब्दवहीच्या एका पानाचा फोटो येथे टाकता आला तर बरे होईल. तांड्यावरच्या मुलांबरोबर गोरमाटीची तशी वही करण्याचा विचार आहे, पण शब्द विषयानुसार मांडायचे की अक्षरानुसार, हे ठरत नाही.

कृष्णाकाठ सर, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. हमी पत्रके मी दर वर्षी भरतो, आणि मागची बाजू कोरी असते हे माझ्या कधी लक्षातच आले नव्हते. यंदा नऊपैकी चार मुलांच्या आजी-आजोबांनी मुलांना गावातच ठेवायचे कबूल केले आहे, त्यामुळे हंगामी वसतिगृहाची सोय झाली तर ती राहतील. उरलेल्या पाच जणांची टोळी कोणत्या कारखान्याकडे जाणार ते मुकादमाला विचारले, तर त्याने तुमच्याच भागातल्या गावाचे नाव सांगितले. ते तुमचेच गाव आहे की शेजारचे, एवढे कळवा. शाळेचा पत्ता आणि माझा फोन नंबर तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून पाठवला आहे. त्या पाचांतली एक मुलगी तिसरीत आहे, गोष्ट वाचते, वजाबाकीला घाबरते, आणि तिला कोंबड्यांविषयी काहीही विचारले तरी ती अर्धा तास बोलते.